उघड्या अंगाची शाळा

जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांत चौथीचं वर्ष जिवाला घोर लावणारं असतं. तिथल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चारच वर्षांची. ती संपताना, मूल जेमतेम दहा वर्षांचं असताना, ते पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरतं. शिक्षक आईवडिलांना बोलावून घेतात, मुलाचं प्रगतिपत्रक समोर ठेवतात आणि आपली शिफारस सांगतात. ज्याची वाट विद्यापीठाकडे जाईल असं त्यांना वाटतं, त्याच्या कागदावर ‘गिम्नाझियुम’ हा शब्द लिहिलेला असतो. माझ्या भाचीच्या मुलाच्या कागदावर तो आला, तेव्हा तिने श्टुटगार्टहून कोल्हापूरला आजीला फोन केला. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता. माझ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘व्यायाम चांगलाच की गं. पण पोराच्या शाळेचं काय केलंस?’’

आईचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठ्या काचांची जिम आहे. तो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत त्याचा अर्थ तोच आहे. पण जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, चेक, हंगेरियन आणि रशियन माणसाला तोच शब्द ऐकून शाळा दिसते. तीही साधीसुधी नाही. लॅटिन, गणित, निबंध असं सगळं पेलणाऱ्या मुलांची शाळा. इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश माणसाला मात्र दोर, कडी, गाद्या आणि घामाचा वास आठवतो.

भाषा शिकवणारे लोक अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणतात. केस्लर आणि देरोकिन्यी या दोघांनी १९२८ साली फ्रेंच व इंग्रजीतल्या अशा शब्दांवर एक पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकात हे नाव होतं आणि तेव्हापासून ते रूढ झालं. विद्यार्थ्यांना सावध करायला ते सोयीचं असेल, पण मला ते पटत नाही. मित्र खोटा म्हटला की त्याने दगा दिला असं होतं. या शब्दाने कुणालाही दगा दिलेला नाही. एकत्र कुटुंबाची वाटणी व्हावी, एका भावाकडे विहीर जावी आणि दुसऱ्याकडे मळा, तसं इथे झालं आहे. दोघांकडचं खरंच आहे. वाटणीपूर्वीचं घर कसं होतं, ते मात्र बघायला हवं.

ते घर अथेन्सचं. ग्रीक भाषेत ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा, नागवा. त्यावरून ‘गिम्नासिऑन’: उघड्या अंगाने मेहनत करायची जागा. आपला ‘नग्न’, लॅटिनमधला ‘नुदुस’, इंग्रजीतला ‘नेकेड’ हे सगळे एका मुळातले आहेत. ग्रीक शब्दातली अक्षरं थोडी उलटीपालटी झालेली असली, तरी तोही त्याच कुळातला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे श्टुटगार्टच्या शाळेच्या पाटीवरचा शब्द आणि मराठीतला ‘नागवा’ हे लांबचे का होईना, पण चुलते-पुतणे आहेत.

ग्रीक पुरुष व्यायाम करताना अंगावर काहीही ठेवत नसत. आधी कपडे उतरवायच्या खोलीत जायचं, मग अंगाला ऑलिव्हचं तेल चोळायचं, वर बारीक माती लावायची आणि कुस्तीच्या हौद्यात उतरायचं. हौद्याची माती कडक झाली की कुदळीने उकरून मऊ करायची. हे काम पैलवानच करत. मातीच्या जुन्या भांड्यांवर अशा उघड्या, कुदळ हातात घेतलेल्या तरुणांची चित्रं आहेत. मेहनत झाल्यावर अंगावरचा तेल, घाम आणि मातीचा थर ब्राँझच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढायचा. त्या पट्टीला त्यांच्याकडे ‘स्त्लेंगिस’ म्हणत. खरवडून निघालेला चिखलही फेकून देत नसत. तो औषधी समजला जाई आणि अंगदुखीवर, सुजेवर लावायला विकला जाई. मॅसिडोनियातल्या बेरोइया गावी इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. त्यात तिथल्या गिम्नासिऑनचे नियम कोरले आहेत. त्या चिखलाच्या विक्रीचा मक्ता लिलावाने द्यावा, असंही एक कलम त्यात आहे. भिंतीपाशी देव असत ते हर्मिस आणि हेराक्लिस, एक चपळाईचा आणि एक ताकदीचा.

इथे थांबलं असतं तर तो आखाडा राहिला असता. पण अथेन्सच्या वेशीबाहेर अशा तीन मोठ्या जागा होत्या आणि तिन्हींनाही झाडांची गर्द सावली होती. व्यायाम झाला की माणसं सावलीत बसत. जिथे तरुण पोरं रोज जमतात तिथे बोलायची हौस असलेली वडीलधारी माणसंही जमतात. सॉक्रेटिस त्यातलाच. प्लेटोच्या ‘लिसिस’ या संवादाची सुरुवातच अशी आहे की सॉक्रेटिस एका गिम्नासिऑनकडून दुसऱ्याकडे निघाला आहे आणि वाटेत नव्या बांधलेल्या कुस्तीच्या जागेपाशी त्याला ओळखीची पोरं हाक मारून आत बोलावतात. आत गेल्यावर गप्पा सुरू होतात त्या मैत्री म्हणजे काय यावर. प्लेटोने पुढे यातल्याच एका जागेपाशी, अकादेमोस नावाच्या वीराच्या राईत, आपले शिष्य जमवले. त्या राईचं नाव आज जगभरच्या अकादमींना आहे. ॲरिस्टॉटलने इसवीसनपूर्व ३३५च्या सुमारास दुसरी जागा धरली. ती अपोलो लिकेइओसच्या देवळाजवळची, म्हणून ‘लिकेइऑन’. फ्रेंचांचं ‘लिसे’ आणि इटालियनांचं ‘लिचेओ’ तिथून निघालं. तिची कुस्तीची जागा १९९६ साली अथेन्समध्ये खोदकाम करताना हाती लागली. तिसरी जागा किनोसार्गेस. ज्यांची आई अथेन्सची नव्हती, ज्यांचं रक्त पुरेसं शुद्ध समजलं जात नसे, अशांची ती जागा. अँटिस्थेनिस तिथे शिकवायचा आणि त्यावरूनच सिनिक पंथाला नाव पडलं, अशी एक जुनी समजूत आहे.

युरोपात शिक्षणाला जी थोर थोर नावं आहेत, त्यांतली इतकी सगळी मातीच्या हौद्याशेजारी जन्मली, याचं मला अजूनही नवल वाटतं. तिथे कुणी एक दिवस बसून ‘आता आपण शरीर आणि बुद्धी एकत्र आणू या’ असं ठरवलेलं नव्हतं. पोरं जिथे होती तिथे विचार करणारे गेले, इतकंच घडलं.

मात्र त्या सावलीत कोण बसू शकत होतं, हेही सांगायला हवं. बेरोइयाच्या त्याच शिलालेखात यादी आहे: गुलामाने अंगावरचे कपडे उतरवायचे नाहीत, म्हणजे आत यायचं नाही, गुलामगिरीतून सुटलेल्याने आणि त्याच्या मुलांनीही नाही, बाजारात धंदा करणाऱ्याने नाही, दारू प्यालेल्याने नाही, वेड लागलेल्याने नाही. बायकांचा तर प्रश्नच नव्हता. अंगावरचा कपडा उतरवणं हा तिथे हक्क होता आणि तो थोड्यांनाच होता. मेहनतीचं अंग असलेले सगळे लोक बाहेर होते आणि मेहनत करून बघायची फुरसत असलेले आत.

ग्रीक जिथे गेले तिथे त्यांनी हे घर नेलं. अफगाणिस्तानच्या उत्तरेला, आमू दर्याच्या काठी आइ-खानुम इथे फ्रेंच संशोधकांना एक आख्खं ग्रीक शहर सापडलं. त्यात गिम्नासिऑन आहे आणि स्ट्रॅटॉन नावाच्या माणसाच्या दोन मुलांनी हर्मिस व हेराक्लिस यांना वाहिलेला लेखही आहे. तिथून तक्षशिला काही फार लांब नाही. सिकंदर तक्षशिलेला आला तेव्हा ग्रीकांना तिथे अंगावर वस्त्र नसलेले, उन्हात निश्चल बसलेले साधू दिसले. त्यांचं काय नाव ठेवावं? आपलाच शब्द त्यांनी लावला: ‘गिम्नोसोफिस्ट’, उघड्या अंगाचे ज्ञानी. ग्रीकांच्या लेखी उघडं अंग आणि ज्ञान यांचं एकमेकांशी वावडं नव्हतं, म्हणूनच हा शब्द त्यांना इतक्या सहज सुचला असावा.

वावडं निर्माण केलं ते रोमनांनी. त्यांना भर दिवसा नागव्याने धावणं असभ्य वाटे. व्यायाम करायचा तर तो सैनिकी असावा, असं त्यांचं मत. पण ग्रीक तत्त्वज्ञान त्यांना हवं होतं. सिसरोच्या टस्कुलमच्या वाड्यात दोन ‘गिम्नासिया’ होत्या. एकीला त्याने ‘लिकेउम’ नाव दिलं होतं, दुसरीला ‘अकादेमिया’. दोन्हीकडे फेऱ्या मारत मित्रांशी बोलायची सोय होती, पुतळे होते. हौदा नव्हता. शब्द तोच, पण घाम पुसून टाकलेला. माझ्या मते खरी वाटणी इथे झाली. पुढच्या दीड हजार वर्षांत कागदोपत्री तिची फक्त नोंद होत गेली.

युरोपातल्या विद्वानांनी पंधराव्या-सोळाव्या शतकात जुनी पुस्तकं पुन्हा उघडली, तेव्हा त्यांच्या हाती लागलं ते सिसरोचं लॅटिन. त्यामुळे शब्दही सिसरोच्या अर्थाने आला. बोलोन्याच्या विद्यापीठासाठी १५६३ साली जी देखणी वास्तू बांधून झाली तिचं नाव ‘आर्किजिन्नाझिओ’. १५३८ साली श्ट्रासबुर्गमध्ये योहान्नेस श्टुर्मने प्रॉटेस्टंट मुलांसाठी शाळा काढली आणि तिला ‘गिम्नाझियुम’ म्हटलं. मुलांना उत्तम लॅटिन यावं आणि धर्मावरची निष्ठा पक्की व्हावी, हा त्या शाळेचा हेतू. जर्मन मुलखात तिचं अनुकरण झालं. पुढे नेपोलियनकडून मार खाल्लेल्या प्रशियाने आपलं राज्य शाळेपासून पुन्हा उभारायचं ठरवलं. विल्हेल्म फोन हुम्बोल्ट १८०९-१०मध्ये शिक्षणखातं सांभाळत होता. त्याने घालून दिलेल्या वाटेवर १८१२ साली परीक्षेचे नियम आले आणि विद्यापीठात मुलं पाठवायचा अधिकार ज्या शाळांना मिळाला, त्यांनाच ‘गिम्नाझियुम’ हे नाव राहिलं. माझ्या भाचीच्या हाती आलेला कागद त्या वर्षाचा पणतू आहे.

आता गंमत अशी की त्याच प्रशियात, बर्लिनमध्ये, त्याच्या एकच वर्ष आधी, १८११ साली, फ्रीड्रिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने शहराबाहेर हाझेनहाइडे नावाच्या माळावर पोरांना जमवून उड्या मारायला, दोरावर चढायला, आडव्या दांड्यावर लटकायला शिकवायला सुरुवात केली. उघड्या आकाशाखाली, शेकडो पोरं. ग्रीक ज्याला गिम्नासिऑन म्हणत, त्याच्या अगदी जवळ जाणारी जागा ही होती. पण यान कडवा जर्मन. त्याला परका शब्द नको होता. शिवाय तो शब्द आता लॅटिनच्या शाळेने घेतलेला. म्हणून त्याने ‘टुर्नेन’ हे क्रियापद चालू केलं. अस्सल जुना जर्मन शब्द म्हणून त्याने तो निवडला होता. तो शब्दही ग्रीकच निघाला. ग्रीक ‘तोर्नोस’ म्हणजे लाकूड गोल करायचं यंत्र. त्यावरून लॅटिन ‘तोर्नारे’, आणि तो मध्ययुगात जर्मन मठांत शिरला. ज्या घरातून निघून जायचं म्हणून यान बाहेर पडला, त्याच घराच्या मागच्या दाराने तो परत आत आला.

प्रशियाच्या सरकारला मात्र या माळावरच्या पोरांची भीती वाटू लागली. ती एकत्र येत, एकसारखा साधा पोशाख घालत, एकमेकांना अरेतुरे करत आणि सगळ्या जर्मनांचं एक राष्ट्र हवं म्हणत. १८१९ साली यानच्या चळवळीतल्या एका विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. यानला अटक झाली आणि १८२०पासून ‘टुर्नेन’वर बंदी आली. ती १८४२पर्यंत टिकली. एकाच राज्याने एक अर्धा भाग राज्याचा कणा म्हणून जोपासला आणि दुसरा कैदेत टाकला. त्या बावीस वर्षांत जी जर्मन मुलं मोठी झाली, त्यांच्या कानांत गिम्नाझियुम या शब्दाला शरीराचा जो काही पुसट वास उरला असेल, तोही गेला असणार. आज श्टुटगार्टच्या शाळेच्या आवारात व्यायामाची वेगळी इमारत असते आणि तिला लोक ‘टुर्नहाल्ले’ म्हणतात. पोरं गिम्नाझियुममधून बाहेर पडून तिकडे जातात, ते मूळ शब्दात सांगितलेलं काम करायला.

बंदीमुळे यानची माणसं देशोधडीला लागली आणि त्यातून या सगळ्या हकिकतीतला मला सर्वांत प्रिय प्रसंग घडला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टन गावी कॉग्सवेल आणि बँक्रॉफ्ट या दोघांनी १८२३ साली राउंड हिल नावाची शाळा काढली होती. दोघेही जर्मनीत शिकून आलेले. तिथल्या गिम्नाझियुमसारखी शाळा अमेरिकेत काढायची, ही त्यांची जिद्द. त्यांना लॅटिनचा शिक्षक हवा होता. १८२५ साली तो मिळाला: कार्ल बेक, यानचा शिष्य, जर्मनीतून जीव वाचवून आलेला. त्याने सकाळी लॅटिन शिकवलं आणि शाळेमागच्या जागेत दांडे रोवून, दोर बांधून पोरांना यानचे व्यायाम शिकवले. अमेरिकेतल्या शाळेतली ती पहिली जिम. तीन वर्षांनी त्याने यानचं पुस्तकही इंग्रजीत आणलं, आणि ‘टुर्नेन’ला इंग्रजीत प्रतिशब्द म्हणून वापरला तो जिम्नॅस्टिक्सच. यानने टाकलेला शब्द त्याच्याच शिष्याने पुन्हा उचलला. एका टेकडीवर, एका माणसाच्या रोजच्या वेळापत्रकात, सॉक्रेटिसनंतर इतक्या काळाने दोन्ही अर्धे भाग एकत्र नांदले. शाळा काही वर्षांतच बंद पडली. पण ती होती.

बाकी युरोपची गोष्ट भराभर सांगण्यासारखी आहे, कारण आता प्रत्येकाने आपापला हिस्सा उचललेला आहे. नेपोलियनने १८०२ साली सरकारी शाळांना ‘लिसे’ नाव दिलं, त्यामुळे फ्रान्समध्ये ‘जिम्नाझ’ मोकळा राहिला आणि खेळाच्या मोठ्या बंदिस्त दालनाला मिळाला. पण फ्रान्सच्या एव्हियांहून बोटीत बसून लेमां सरोवर ओलांडलं की स्वित्झर्लंडमधलं लोझान येतं. भाषा फ्रेंचच. पुष्कळ लोक कामाला रोज ये-जा करतात. लोझानला मात्र ‘जिम्नाझ’ म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपुढच्या मुलांचं विद्यालय. एकच भाषा, एकच पाणी आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर शब्दाने पैरण घातलेली. इटलीत अभिजात भाषांच्या शाळेची पहिली दोन वर्षं ‘जिन्नाझिओ’ आणि व्यायामाची जागा ‘पालेस्त्रा’. ग्रीकांच्या कुस्तीच्या अंगणाचं हे नाव इटालियनांनी बरोबर जपलं आहे. पोलंडने १९९९मध्ये ‘गिम्नाझ्युम’ नावाची मधली शाळा आणली आणि वीस वर्षांत मोडलीही. रशियात क्रांतीबरोबर गेलेली ‘गिमनाझिया’ सोव्हिएत सत्ता ढासळताना परत आली.

आणि खुद्द ग्रीस? तिथे बारा ते पंधरा वर्षांची मुलं ‘यिम्नासिओ’त जातात आणि तिथून ‘लिकिओ’त. वजनं उचलायला जायचं तर ‘यिम्नास्तिरिओ’ असा वेगळा शब्द. ज्यांनी हे घर बांधलं त्यांच्याकडेही आता वाटणी झालेली आहे. ‘यिम्नोस’ म्हणजे मात्र तिथे अजूनही नागवाच. ग्रीक पोरांना शाळेच्या नावात तो रोज ऐकू येत असेल. रोजचे शब्द कुणी उलगडून बघत नाही हेही खरं.

आपल्याकडे हा शब्द ज्या वाटेने आला तिला इंग्रज छावण्यांचा वारा लागला होता. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाचं म्हणणं असं की साहेबांच्या रॅकेटच्या कोर्टाला इथले लोक ‘गेंदखाना’ म्हणत, चेंडूचं घर. साहेबाच्या कानाला त्यात जिम्नॅस्टिक्स ऐकू आलं आणि ‘जिमखाना’ तयार झाला. धड ग्रीक, शेपूट फारसी. मुंबईत १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, मग पारशांचा, हिंदूंचा, मुसलमानांचा. पुण्यात १९०६मध्ये डेक्कन जिमखाना निघाला आणि आज तिथे आख्ख्या वस्तीचं ते नाव आहे. ‘जिमखान्यावर राहतो’ म्हणणारा माणूस व्यायाम करतोच असं नाही. कॉलेजात जिमखाना म्हणजे खेळांचा विभाग आणि फी भरायच्या पावतीवरची एक ओळ. इंग्रज तो शब्द परत घेऊन गेले तेव्हा त्यांच्या खेड्यांत तो लहान मुलांच्या तट्टूंच्या शर्यतींना चिकटला.

पण जिमखाना हा साहेबाने बनवलेला शब्द. आमच्या पेठांमध्ये त्याच्याही आधीपासून दुसरा एक शब्द नांदत होता आणि त्याची गोष्ट मला गिम्नाझियुमच्या आरशातल्या प्रतिमेसारखी वाटते. तो शब्द तालीम.

अरबीत ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. त्याच मुळातून ‘आलिम’ म्हणजे जाणता, ‘मालूम’ म्हणजे ठाऊक असलेलं, आणि ‘तालीम’ म्हणजे शिकवणं. लखनौला किंवा हैदराबादला आजही कुणाला विचारलं की तालीम किती झाली, तर तो आपली पदवी सांगेल. फारसीच्या हाताला धरून हा शब्द मराठीत आला आणि सरळ हौद्यात उतरला. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीची ती खोली. ग्रीकांचा शब्द मातीतून निघून पुस्तकाकडे गेला. हा पुस्तकातून निघाला आणि मातीत आला.

मी लहानपणी मामाबरोबर तालमीत जायचो. दार मुद्दाम बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. समोरच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. पहाटेच्या अंधारात दोन पोरं फावड्याने हौदा उकरत असायची. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेलं असे आणि उकरली की त्याचा आंबूस, थंड वास सगळ्या खोलीत भरे. कठड्यावर वस्ताद बसलेले. ते फार कमी बोलत. एखाद्याच्या कोपराला काठीचं टोक नुसतं टेकवत आणि तो कोपर आत घेई. पुष्कळ वर्षांनी ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत हातात काठी घेऊन उभा राहिलेला शिक्षक, कुदळ घेतलेला पोरगा आणि कोपऱ्यातला देव मी पाहिला, तेव्हा मला त्या चित्रातला वाससुद्धा ओळखीचा वाटला. ‘वस्ताद’ हाही मुळात उस्ताद, म्हणजे गुरुजीच. शिकवण्याच्या जागेचा शब्द आला तेव्हा शिकवणारा त्याच्याबरोबर आला.

मराठीने या शब्दाची वाटणी होऊ दिली नाही, असं मला म्हणावंसं वाटतं. नाटकाच्या तालमी असतात. ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ हे आपण गवयाबद्दल म्हणतो, पत्रकाराबद्दल म्हणतो, कार्यकर्त्याबद्दल म्हणतो, आणि म्हणताना माती आणि पाठ दोन्ही आपल्या मनात असतात. कोल्हापुरात तर पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत, पेठेतल्या माणसांच्या जिवाचे. आणि मूळ अर्थही महाराष्ट्राच्या मातीत एकदा नव्याने उगवला. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची ‘नई तालीम’ पुढे आली. पोरांनी हाताने सूत कातावं, शेत करावं आणि त्या कामातूनच शिकावं, अशी ती कल्पना. हिंदुस्तानीतला तो शब्द त्यांनी शिक्षण या अर्थाने घेतला. पण विदर्भातल्या मराठी माणसाच्या कानाला त्यात अंगमेहनत आधीच ऐकू आली असेल आणि त्या योजनेत ती होतीच.

त्याच्याही ऐंशीनव्वद वर्षं आधी पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. गंज पेठेतली. तिथे दांडपट्टा, कुस्ती, नेमबाजी शिकवली जाई आणि तरुण जोतीराव फुले तिथे मेहनत करायला जात. मांग समाजातल्या या वस्तादांकडे वरच्या जातीची पोरंही शिकायला येत. बेरोइयाच्या दगडावरची यादी इथे कुणी कोरली नव्हती. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी, अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा शेणमाती फेकणाऱ्यांपुढे उभं राहायला आणि वस्तीतून मुलं गोळा करून आणायला लहुजी पुढे होते. त्यांच्या तालमीतल्या पोरांनी शाळेची राखण केली. त्या शाळेत लहुजींच्या नात्यातली मुक्ता शिकली. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती तेव्हा किशोरवयाची होती. तिच्या घरी तालीम हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला जात असणार. मुक्ता पाटी घेऊन निघाली की घरचे तिला कुठे चाललीस म्हणून विचारत असतील आणि ती काय सांगत असेल, ते ऐकायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.